पुतळीच्या परळातली मूठ

बाळीच्या झोपडीचा उंबरा खणायला घेतला तेव्हा अख्खी ठाकूरवाडी अंगणात उभी होती आणि एकही पोर रडत नव्हतं. बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, पुरुष एकमेकांकडे न बघता जमिनीकडे बघत होते. चैत्र संपत आला होता. बदलापूर गावातून सायकल ढकलत आलेल्या श्यामकांतला घाम पुसायचंही सुचलं नाही. वाडीत काहीतरी बिनसलंय हे त्याला बांधावरूनच कळलं होतं, कारण आज एकही कुत्रं त्याच्यावर भुंकलं नव्हतं.

श्यामकांत म्हणजे लोकल बोर्डाचा देवी टोचणारा. बारवीकाठच्या वाड्या आणि उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बराकी असा त्याचा फिरतीचा टापू. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं याच अंगणात लहानथोरांच्या दंडावर देवी टोचल्या होत्या. त्यानंतर बाळीची दोन पोरं चार दिवसांच्या अंतरानं हगवणीनं गेली. पाठोपाठ शेजारच्या घरातलं तान्हं गेलं.

आणि मग जयदेवबाबा आला. उंच, सुकलेला, कपाळभर भस्म, आणि नाव असं की कोणी नुसती हाक मारली तरी आरती सुरू झाल्यासारखं वाटावं. वाडीत त्याचा मुक्काम तीन दिवसांपासून होता. "दिशा बांधायच्या" म्हणून पहाटे तो प्रत्येक झोपडीभोवती एकट्यानं फिरत असे. एकट्यानं का फिरायचं, हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं.

टिकाव देऊच्या, वाडीच्या म्होरक्याच्या, हातात होता. वीतभर माती उकरली गेली आणि बाबानं हात वर केला. त्यानं खड्ड्यातून एक काळपट वस्तू उचलली आणि तळहातावर घेऊन सगळ्यांपुढून फिरवली. पाच-सहा बारीक सुकी बोटं आत वळून घट्ट मिटलेली. मसणातल्या एखाद्या लहान मुलाचा हात असावा तशी.

"मूठ," बाबा हळूच म्हणाला.

आणखी काही सांगायची गरजच नव्हती. वैरी मंत्र घालून मूठ मारतो, ती ज्याच्या घरावर पडते त्याचा वंश खाऊन टाकते, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आजवर मूठ नुसती ऐकलेली होती, कोणी पाहिलेली नव्हती. बाबानं ती आज हातात आणून दिली होती. शब्दच जमिनीतून उगवल्यावर शंका घ्यायची कोणी आणि कशी?

खरं सांगायचं तर श्यामकांतही भ्याला. त्याचा रघूकाका ऐन तिशीत रक्त ओकून गेला होता आणि घरातल्या बाया अजून म्हणत की त्याला मूठ लागली. क्षयाची लक्षणं श्यामकांतनं पुढे पुस्तकात वाचली, पण लहानपणी अंगात भरलेली भीती पुस्तकानं जात नाही. त्याचा स्वतःचा हात खिशात आपोआप मिटला गेला. पुढे कितीतरी दिवस त्याला या गोष्टीची लाज वाटत राहिली.

बाबानं काशाच्या वाडग्यात कढत पाणी मागवलं, ते सात शेण्यांच्या विस्तवावरच तापलं पाहिजे अशी अट घातली, आणि मूठ त्यात सोडून वर लाल फडकं टाकलं. मग तासभर त्यानं तोंडाचा पट्टा चालवला. अवसेची पोर, पुनवेचा बाप, बारा वाटा बंद, तेरावी मोकळी, असलं काहीबाही. अर्थ विचारणाऱ्यालाच पाप लागेल अशा बेतानं तो आवाज चढवत-उतरवत होता. शेवटी त्यानं फडकं उचललं.

मूठ उघडली होती. बोटं पसरून पाण्यावर तरंगत होती. मागच्या मागे एक बाई खाली बसली. बाळीच्या घशातून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता.

"जिती हाय," बाबा म्हणाला. "आन मारणारी वाडीतच हाय. मूठ आपल्या धनिणीला वळखते. अवसेच्या दुपारी वाडीतल्या सातही रांडमुंड बाया माज्याम्होरं बसवा. परतेकीच्या पाण्यात मी येकेक मूठ सोडीन. जिच्या पाण्यात ती उघडंल, ती भुताळी."

त्यापुढचं देऊनं श्यामकांतला बांधापर्यंत पोचवताना सांगितलं. भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरली की तिचे केस कापायचे आणि डोंगरापलीकडे हाकलायचं. दोन वर्षांपूर्वी नदीपल्याडच्या वाडीनं एका बाईला असंच हाकललं होतं. पावसाळ्यात ती बारवीच्या पुराबरोबर खाली आली. कोणी हाकललं, कोणी बघितलं, याचा जबाब कोणाकडूनच मिळाला नाही. देऊ हे सांगत होता ते कुरकुरत नव्हे. भाताची रोपं कधी लावायची ते सांगावं तितक्या शांतपणे सांगत होता.

बांधाशी पुतळी हंडा घेऊन आली. वाडीची सुईण, चाळिशीची विधवा. निम्मी वाडी तिच्या हातात जन्मलेली. ती येताना दिसली तशी वाटेवरची माणसं बाजूला झाली, आणि जरा जास्तच बाजूला झाली. तिनं ते बघितलं. श्यामकांतपाशी ती थांबली.

"दादा, तुमची सुई वाडीत पयली माज्या दंडाला लागली. मी घेतली म्हून बाकीच्यांनी घेतली. बाबानं काल माज्या दंडावरचा वण बघितला, आन कायच बोलला नाय." हंडा सावरून ती पुढं म्हणाली, "बोलला असता तर बरं वाटलं असतं."

श्यामकांतला तेव्हा सगळं लखलखीत कळलं. देवी टोचल्यावर ज्यांच्या घरी देवी येत नाही, त्यांना उतारा लागत नाही, अंगारा लागत नाही, बाबाही लागत नाही. सातांपैकी कोणाच्या पाण्यात मूठ उघडणार, हे आधीच ठरलेलं होतं. फक्त ते कसं घडणार, हे त्याला माहीत नव्हतं. परतताना तो पोलीस चौकीत गेला; हवालदारानं त्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि अजून काही घडलेलं नाही, घडलं की सांगायला या, असं सांगून वाटेला लावलं.

अमावास्येला नऊ दिवस होते. श्यामकांत ते नऊ दिवस मोजत फिरला. आठव्या दिवशी त्याची पाळी कॅम्पातल्या बराकींची होती. लष्करासाठी बांधलेल्या त्या लांबच लांब चाळी, मध्ये गोणपाटाचे पडदे लावून त्यांची घरं केलेली, आणि घराघरातून पापड वाळत घातलेले. फाळणीत सिंधमधून सगळं सोडून आलेली ही माणसं सकाळपासून काही ना काही विकत असत, आणि देवी टोचून घ्यायला मात्र बिनतक्रार रांग लावत.

एका बराकीचा पडदा त्यानं बाजूला सारला आणि तो जागीच थिजला. स्टुलावर तांब्याचा वाडगा होता, आणि त्यात अर्धी उघडलेली मूठ होती.

आतल्या पडद्यामागं कोणी बाई कण्हत होती. वाडग्यापाशी पांढरी, विजारीसारखी सुथण आणि लांब कुडता घातलेली एक म्हातारी बसली होती. तिनं श्यामकांतचा चेहरा बघितला आणि ती हसली.

"साईं, डरो मत. बहू की जचगी है," ती म्हणाली. पडद्यामागं तिची सून बाळंत होत होती.

श्यामकांतनं वाडग्याकडे बोट केलं. तिनं सांगितलं ते असं. हिला बीबी मरियमचा पंजा म्हणतात. अरबस्तानच्या वाळवंटातली बूटी. हाजी लोक कराचीला आणत, तिथून सिंधमधल्या सगळ्या दायांकडं जाई, हिंदू असो की मुसलमान. बाळंतीण अडली की पाण्यात टाकायची. पंजा उघडला की बाळ येणार, या आशेवर बाईला धीर येतो. रोचीबाई, म्हणजे ती म्हातारी, चाळीस वर्षं दाईपणा करत होती. येताना घरातलं सोनं मागं राहिलं, पण पंजाची थैली तिनं कमरेला बांधून आणली.

"ती जिवंत आहे का?" श्यामकांतनं विचारलं.

"मरी हुई है," रोचीबाई म्हणाली. "रेती में बरसों पानी नहीं पड़ता. तो ये सूखते-सूखते अपने हाथ बंद कर लेती है, अंदर बीज पकड़ के. फिर मर जाती है. पानी लगा तो सूखी लकड़ी फूल के खुलती है, बीज गिरते हैं. जान नहीं है इसमें. माँ है, साईं. मर गई, फिर भी बच्चे छोड़े नहीं."

श्यामकांतला बाळीचा तो आवाज आठवला. जिला मेल्यावरही आपलं बी सांभाळायचं असतं, तिच्या नावानं तिकडं एका सुइणीला मारायला निघालेत. तो चिडला, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्याची भीती गेली.

पण मग प्रश्न उरलाच. सगळ्याच मुठी पाण्यात उघडत असतील तर सातांतली एकच कशी उघडणार? रोचीबाईलाही ते सांगता येईना. तिचा भाचा जेठो कॅम्पातच जडीबुटी विकत असे, त्याला बोलावलं. भस्मवाला उंच माणूस जेठोला चांगला आठवत होता. त्यानं आठ पंजे नेले होते, आणि होमाला म्हणून मेणाचा एक गोळाही.

"होमात मेण?" श्यामकांत पुटपुटला. ऐकता ऐकताच त्याला काहीतरी उमगत होतं. मेण लागलं की पाणी आत शिरत नाही, हे त्याला आपल्या औषधाच्या नळ्यांवरून ठाऊक होतं.

उद्या दुपारी माझ्याबरोबर चला, असं त्यानं रोचीबाईला विनवलं. तिनं आतल्या पडद्याकडं बघितलं. आधी हे बाळ, मग तुझं काम, असं तिनं साफ सांगितलं.

अमावास्येच्या सकाळी श्यामकांत त्या बराकीच्या दारात टांगा उभा करून बसला होता. आठ वाजले, नऊ वाजले. आतून कण्हणं येत होतं, बाळ येत नव्हतं. तिकडं वाडीत सात बायांना खडकावर बसवलं असेल. तो उठे, चार पावलं चाले, परत बसे. दहाच्या सुमारास आत एक बारीक, रागावलेलं रडणं फुटलं. रोचीबाई हात धुऊन, ओल्या हातांनीच बाहेर आली. "चलो," म्हणाली.

अंबरनाथ मागं पडलं, बदलापूर गाव मागं पडलं. पुढं टांगा जाईना. शेवटचा दीड मैल ती साठीची बाई उन्हातून एक शब्द न बोलता चालली. वाडी दिसू लागली तरी आवाज येत नव्हता, आणि श्यामकांतला त्याचंच जास्त भय वाटलं.

त्यांना उशीर झाला होता. खडकावर मातीचे सात पसरट परळ ओळीनं मांडलेले होते, प्रत्येकामागं एक बाई. सकाळपासून परळ उन्हात होते आणि पाणी चांगलं तापलं होतं. सहा परळांत शेंदूर फासलेल्या सहा मुठी मिटून पडलेल्या. सातव्या परळात मूठ पूर्ण उघडलेली होती आणि पाणी लालभडक झालं होतं. त्या परळामागं पुतळी बसली होती. तिचे एका बाजूचे केस कापून झाले होते. कात्री बाळीच्या हातात होती.

"रगत हाय," कोणीतरी कुजबुजत होतं. "पोरांचं रगत."

पुतळी वर बघत नव्हती. बायकांच्या मागं पुरुष उभे होते आणि त्यांच्या हातात दगड होते. हे सगळे पुरुष श्यामकांतच्या ओळखीचे होते. त्यांतल्या कित्येकांना त्यानं स्वतः टोचलं होतं. तरीही त्यांतला एकही चेहरा त्याला आज ओळख देईना.

तो पुढं झाला. त्यानं परळांकडं नीट बघितलं, आणि एवढे दिवस न सुटलेलं कोडं त्या लाल पाण्यातच सुटून पडलं. सहा मुठींवरचा रंग नारिंगी होता आणि पाण्याला लागलेलाच नव्हता. त्यांच्या पाण्यावर बारीक तेलकट तवंग होता. पुतळीच्या मुठीचा लाल तेवढा धुऊन निघाला होता.

"देऊ," तो म्हणाला, "या सात मुठी सात जणींना कोणी वाटल्या?"

"बाबानं. आपल्या हातानं."

"देवाला शेंदूर कशात कालवून लावतात?"

"तेलात," देऊ म्हणाला. त्याला प्रश्नाचा रोख कळेना.

"सहा मुठींना तेला-मेणात कालवलेला शेंदूर आहे. आत पाणी जाईलच कसं? सातवीला पाण्यात कालवलेलं कुंकू आहे. म्हणून मूठ उघडली, आणि म्हणूनच पाणी लाल झालं. ते रक्त नाही. तुझ्या बायकोच्या करंड्यातलं कुंकू पाण्यात टाक, असंच होईल."

परक्या बाईची सावली पडली, विटाळ झाला, असं बाबा गरजला. त्याचं कोणी ऐकण्याआधीच रोचीबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं करत पलीकडच्या टोकाचा परळ उचलला. तो देऊच्या म्हाताऱ्या आईचा, धोंडीचा होता. रोचीबाईनं कढत पाणी मागितलं. कोणी हललं नाही. शेवटी पुतळीच उठली, एका बाजूचे केस गळ्यावर लोंबत, घरात गेली आणि चुलीवरचं कढत पाणी घेऊन आली.

रोचीबाईनं मूठ त्या पाण्यात बुडवून राखेनं खसखसून घासली. नारिंगी मेण वितळून वर आलं, त्याच्या टिकल्या पाण्यावर तरंगल्या. मग दुसरं स्वच्छ कढत पाणी घेऊन तिनं त्यात मूठ सोडली आणि ती मांडी घालून बसली. फडकं टाकलं नाही, मंत्र म्हटला नाही.

"अब बैठो," ती म्हणाली. "देखो."

मग सगळेच बसले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं. बाबा वेळ चुकतेय, मुहूर्त टळतोय म्हणत राहिला, त्याचा आवाज हळूहळू कोरडा पडत गेला. कोणी दगड खाली ठेवला नाही, पण कोणी उगारलाही नाही. अर्ध्या तासानं एक बोट हललं. मग दुसरं. धोंडी आपल्याच परळाकडं डोळे फाडून बघत होती. तिला वाटलं आता आपल्याला मारणार. तिनं देऊच्या पायाला मिठी मारली.

पाऊण तासात मूठ उघडली.

देऊनं आधी आईकडं बघितलं, मग बाबाकडं. "माजी आय पन भुताळी का रं?" त्यानं अगदी हळू विचारलं.

बाबा उठून वाटेला लागला, पण देऊची पकड टिकाव धरणाऱ्याची होती. बाबाच्या झोळीत उरलेला मेणाचा तुकडा सापडला, शेंदराची तेलकट डबी सापडली, कुंकवाची पुडी सापडली. देऊनं त्याला हात लावू दिला नाही कोणाला. चार गडी बरोबर घेऊन तो स्वतः त्याला चौकीत घेऊन गेला. घडलं की सांगायला या, असं तिथल्या हवालदारानं म्हटलं होतंच.

गोष्ट इथं संपली असती तर श्यामकांतला बरं वाटलं असतं. पण लोक पांगू लागले तेव्हा बाळी तिथंच बसली होती, कात्री मांडीवर घेऊन. बाबानं तिला काहीतरी दिलं होतं. खोटं होतं, पण त्यात एक नाव होतं, एक चेहरा होता, केस होते जे कापता येत होते. आता तिच्याजवळ काहीच उरलं नव्हतं.

"मग माजी पोरं कोनी मारली, दादा?"

वाडीची पाण्याची जागा श्यामकांतनं येता-जाता बघितली होती. ओढा आटून उरलेलं डबकं. त्यातच गुरं उतरतात, त्यातच बाळंतिणीची लुगडी धुतात, त्यातूनच हंडे भरतात. हे त्याला दिसत होतं आणि तो फक्त दंड टोचून निघून जात होता, कारण त्याच्या वहीत देवीचाच रकाना होता.

"बाळे, या परळांत पाणी कुठलं आहे?"

"डबक्यातलं."

"त्यानं मारली," तो म्हणाला. "आणि मी ते तुम्हाला वेळेवर सांगितलं नाही."

बाळीनं ओळीनं सातही परळ बघितले. इतका वेळ सगळ्या वाडीनं त्यात मूठ बघितली होती. पाणी कोणीच बघितलं नव्हतं. लाल परळाच्या तळाशी बारीक किडे वळवळत होते. ते तिनं बोटानं दाखवले, आणि मग ती पोटाशी हात धरून, ज्याला रडणं म्हणतात तसं रडली. पुतळी तिच्या शेजारी येऊन बसली. अर्ध्या कापलेल्या केसांची आणि ते कापणारी अशा त्या दोघी कितीतरी वेळ तिथं होत्या, आणि कोणी कोणाची माफी मागितली नाही.

मेलेल्या झाडाला भिणारे आणि डबक्यातलं पाणी बिनघोर पिणारे लोक अडाणी म्हणून हसायचं असेल त्यानं हसावं. श्यामकांत हसला नाही, त्याची स्वतःची मूठ खिशात मिटली होती. पण चमत्कार दिसला की माना खाली घालू नका, एवढं तो पुढे जन्मभर वाडीवाडीत सांगत राहिला. वस्तू कोणी आणली, कोणाच्या हातानं वाटली, ते विचारा. फडकं काढून तासभर बसा आणि बघा. जे खरं असेल ते तुमच्या बघण्यानं पळून जाणार नाही.

त्या संध्याकाळी, श्यामकांतनं सांगितलं तसं, वाडीतल्या प्रत्येक चुलीवर पिण्याचं पाणी उकळत होतं. त्यात ना भात होता, ना भाजी. नुसतं पाणी होतं.